नकाशात नसलेला आमचा महारवाडा

गेल्या वर्षी आम्ही आमच्या मूळ गावाच्या जुन्या नकाशाची नक्कल काढली. इंदापूर तालुक्यातले, भीमेकाठचे हे गाव आम्ही स्वतः कधीच पाहिलेले नाही. ते उजनी धरणात गेले, त्यानंतर आमचा जन्म. नकाशा घरात जमिनीवर पसरला तेव्हा आजी पुढे सरकली. तिला वाचता येत नाही. "नदी कुठली?" एवढेच तिने विचारले. मग नदीच्या रेषेवरून बोट फिरवत, गावठाणाच्या आकृतीला वळसा घालून, तिने ते बाहेरच्या कोऱ्या जागेवर टेकवले आणि म्हणाली, "हितं आपला म्हारवाडा."

त्या जागी नकाशात काहीच नव्हते.

हा कोरेपणा समजून घ्यायचा तर मोजणीचा इतिहास पाहावा लागतो. योगायोग असा की, इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीला जे वळण लागले, त्याची सुरुवात आमच्याच इंदापूर तालुक्यातून झाली. प्रिंगलची आधीची मोजणी फसल्यावर 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी येथे नव्याने काम हाती घेतले. 33 फुटांची साखळी, चौरस साखळीचा एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. हेतू सरळ होता, सारा ठरवणे. जिच्यातून सारा येतो त्या जमिनीला नंबर मिळाला. माणसे कुठे आणि कशी राहतात, हा त्या नकाशाचा प्रश्नच नव्हता.

आणि गावाची शीव कोणाला ठाऊक होती? महाराला. शिवेचे दगड राखणे हे त्याचे काम. दोन गावांत हद्दीचा तंटा झाला की त्याची साक्ष मोलाची मानली जाई. ज्याच्या शब्दावर गावाची सीमा ठरायची, त्याचे घर मात्र नकाशाबाहेर राहिले.

नकाशात आमची खूण एकच सापडते, एक सर्व्हे नंबर. जुन्या उताऱ्यात त्याच्यापुढे 'महार वतन' असे लिहिलेले आहे. या वतनाचा काही लोक आजही अभिमानाने उल्लेख करतात. पण वतन म्हणजे काय, ते बाबासाहेबांनी दाखवून दिले होते. तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात अख्ख्या जातीला रात्रंदिवस राबवून घेणारी ती बेडी होती. म्हणूनच 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडावे लागले. बाबासाहेब तो पाहायला नव्हते.

पुढे धरण आले. भरपाईसाठी घराखालच्या जागेचा कागद मागितला गेला. नकाशात घर नाही, उताऱ्यावर नाव नाही, मग कागद कुठून आणायचा? आजोबांच्या हाती पडले ते वतनाच्या जमिनीतल्या भावकीच्या वाटणीचे चार पैसे. तेव्हा नकाशातला कोरेपणा हा काही चित्रकाराचा विसर नव्हे. त्याची किंमत आमच्या घराने रोख मोजली आहे.

आजही उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. लोक बघायला जातात, फोटो काढतात, बुडालेल्या गावांच्या आठवणींनी हळहळतात. देऊळ दगडी, म्हणून टिकले. महारवाड्याच्या भिंती मातीच्या, त्या पहिल्याच पाण्यात विरघळल्या. कागदानेही आम्हाला राखले नाही आणि पाण्यानेही नाही.

मग आजीला गावाची ओढ आहे का? आहे. दारातल्या लिंबाच्या झाडाबद्दल बोलताना तिचे डोळे भरतात. पण नदीवरचा आपला पाणवठा खालच्या अंगाला होता, हेही ती विसरलेली नाही. "आता वरचं पानी अन् खालचं पानी एकच झालं," असे म्हणून ती हसली. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर जी टीका केली, तिचा अर्थ आम्हाला त्या हसण्यात सापडला.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. जातीचे नाव पत्त्यात मिरवायला नको. पण पाटी बदलताना इतिहास पुसला जाता कामा नये. महारवाड्याची समतानगर, भीमनगर अशी नावे झाली, तरी ती वस्ती गावकुसाबाहेर का होती, हे आमच्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

म्हणून तरुण मित्रांनो, एक काम करा. आपल्या गावाचा जुना नकाशा, वतनाच्या जमिनीचे उतारे आणि फेरफार यांच्या नकला काढा. तो नकाशा घरातल्या सर्वांत वयस्क माणसासमोर पसरा. त्यांचे बोट जिथे थांबेल तिथे खूण करा. विहीर, पाणवठा, मसणवटा, चावडीकडे जाण्याची वाट, सगळे लिहून घ्या, तारीख टाका.

आम्ही आमच्या नकलेवर पेन्सिलीने सतरा घरे काढली आहेत. आजीने एकेक करून सांगितली. अठरावे कोणाचे, ते तिला आठवेना. विचारायला आता तिच्या वयाचे कोणी उरलेले नाही.

जयभीम!