गळ्यातले चार दाणे

आपल्या गळ्यात, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटू किंवा थायरॉईड म्हणतात. ती वाढली की गलगंड दिसतो, त्यामुळे ती आपल्या ओळखीची आहे. पण तिच्या पाठीशी तांदळाच्या दाण्याएवढ्या आणखी चार ग्रंथी चिकटलेल्या असतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्या परावटू ग्रंथी, म्हणजेच पॅराथायरॉईड. रक्तात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, किती असावे याचा हिशेब त्या ठेवतात. रक्तात चुना कमी पडला की त्या आपला रस सोडतात आणि हाडांच्या कोठारातून चुना काढून रक्तात आणतात. पण एखाद्या ग्रंथीत गाठ झाली, तर हा कारभार बिघडतो. गरज नसताना कोठार उपसले जाते, हाडे पोकळ होतात आणि मूत्रपिंडात खडे साठतात.

ही गाठ बहुतेक वेळा साधी असते. शंभरांत एकाहूनही कमी रोग्यांत ती कर्करोगाची निघते. अशा क्वचित आढळणाऱ्या रोगाची कथा आपण का ऐकावी? कारण त्यात पहिल्याच शस्त्रक्रियेवर सारे अवलंबून असते, आणि हे कळायला वैद्यकाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

शतकानुशतके शवविच्छेदन चालू असूनही या ग्रंथी कोणाच्या नजरेत भरल्या नव्हत्या. त्यांची पहिली नोंद झाली ती एका गेंड्यामुळे! लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ साली एक भारतीय गेंडा विकत घेतला होता. तो १८४९ साली मेला, आणि रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले. अवटू ग्रंथीला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्यांनी टिपून ठेवला. माणसातल्या ग्रंथींचा शोध लावला स्वीडनमधील उप्साला येथील इव्हार सांडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने. पन्नास शवे तपासून त्याने १८८० साली निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या हयातीत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही, आणि १८८९ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्याने स्वतःच जीवन संपविले.

इकडे शस्त्रवैद्य गलगंड काढू लागले होते. शस्त्रक्रिया उत्तम होई, पण काही रोग्यांच्या हातापायांना वांब येत, बोटे आखडत, आणि कित्येक दगावत. गलगंडाबरोबर हे चार दाणेही निघून जात होते, हे कोणाच्या ध्यानात येत नव्हते. १८९१ साली फ्रान्समध्ये युजीन ग्ले यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून या ग्रंथींचे महत्त्व दाखविले. १९०९ च्या सुमारास मॅकॅलम आणि व्होग्टलिन यांनी सिद्ध केले, की चुन्याचा क्षार दिला म्हणजे ही आकडी थांबते. दाणे नाहीसे झाले तर काय होते, ते कळले. जास्त माजले तर काय होते, हे अजून कळायचे होते.

व्हिएन्नात एर्डहाइम यांना हाडे मऊ झालेल्या रोग्यांत या ग्रंथी मोठ्या झालेल्या आढळल्या होत्या. पण हाडे बिघडली म्हणून ग्रंथी वाढली, की ग्रंथी वाढली म्हणून हाडे बिघडली? १९१५ साली श्लागेनहाउफर यांनी साधा तर्क मांडला. ग्रंथी वाढणे हा जर परिणाम असता, तर चारही वाढल्या असत्या. एकच वाढलेली असेल, तर तीच रोगाचे मूळ. ती काढून टाका!

दहा वर्षांनी, जुलै १९२५ मध्ये, व्हिएन्नाच्याच फेलिक्स मांडल यांनी तसे करून पाहिले. रोगी ट्रामचा कंडक्टर होता. त्याची हाडे इतकी ठिसूळ झाली होती, की घसरल्याचे निमित्त होऊन मांडी मोडली होती. आधी मांडल यांनी उलटाच उपाय केला, त्याला ग्रंथीचा अर्क दिला. गुण आला नाही. मग गळा उघडला, तर एक ग्रंथी फुगलेली! ती काढली आणि काही महिन्यांत तो काठी टेकत चालू लागला. पण पुढे रोग उलटला. १९३३ साली पुन्हा गळा उघडला, गाठ सापडली नाही, आणि अखेर तो गेला. ती मूळची गाठ कर्करोगाची तर नव्हती ना, अशी शंका पुढच्या काळातल्या शस्त्रवैद्यांनी बोलून दाखविली आहे.

अमेरिकेत चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची कहाणी याहून करुण आहे. त्यांची उंची सात इंचांनी घटली होती. सहा वेळा शस्त्रक्रिया झाली, पण गाठ मिळेना. स्वतः शरीररचनेची पुस्तके वाचून कप्तानांनी आग्रह धरला, की आता छातीत शोधा. १९३२ साली बोस्टनमध्ये चर्चिल आणि कोप यांनी सातव्या वेळी छाती उघडली, तेव्हा गाठ तिथेच होती. पण उशीर झाला होता. मूत्रमार्गात खडा अडकला, त्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि सुमारे सहा आठवड्यांत त्यांचा अंत झाला. ती गाठ कर्करोगाची नव्हती, साधीच होती.

साध्या गाठीची ही कथा, तर कर्करोगाचे काय? १९७३ साली शान्ट्झ आणि कॅसलमन यांनी सत्तर रोग्यांचा अभ्यास करून या कर्करोगाची सूक्ष्मदर्शकातली लक्षणे मांडली. पण टेबलावर सूक्ष्मदर्शक नसतो. तिथे शस्त्रवैद्याची नजर आणि बोटेच कामास येतात. गाठ टणक, पांढुरकी, आजूबाजूला चिकटलेली. रक्तातले कॅल्शियम भलतेच चढलेले. अशा वेळी संशय घ्यावा. मग गाठ सोलून काढायची नाही, तिचा तुकडाही घ्यायचा नाही. त्या बाजूच्या अर्ध्या अवटू ग्रंथीसह आणि चिकटलेल्या भागासह ती अखंड उचलायची. आवाजाची नस जपायची. पण ती गाठीतच गुरफटली असेल, तर तिच्यावरही पाणी सोडावे लागते.

हे इतके कडक का? शेतकरी मंडळी हे चटकन ओळखतील. हरळी खणताना एक कांडी तुटून राहिली, तर पुन्हा रान माजते. या गाठीचे आवरण फुटले, तर तिच्या पेशी गळ्यात सांडतात आणि जागोजागी रुजतात. किरणांचा आणि कर्करोगावरील नेहमीच्या औषधांचा तिच्यावर फारसा प्रभाव पडत नाही. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, पण तिने बहुधा आराम पडतो, रोग मुळातून जात नाही. २००४ साली सिनाकॅल्सेट हे औषध अमेरिकेत मान्य झाले. ते कॅल्शियम खाली आणते, गाठ मात्र नष्ट करीत नाही. आणि या रोगात माणूस बहुधा गाठीच्या वाढीने नव्हे, तर चढलेल्या कॅल्शियमने जातो. म्हणून कॅल्शियम आवरणे हाही मोठाच उपचार आहे.

गाठ निघाल्यावरही सावध राहावे लागते. उपाशी हाडे रक्तातला चुना अधाशासारखी ओढून घेतात आणि कॅल्शियम एकदम घसरते. तेव्हा ते बाहेरून पुरवावे लागते. रोग कित्येक वर्षांनीही परत येतो, म्हणून रक्ताची तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते.

शिक्षकबंधूंनो, आपल्या गावात कोणाला वारंवार मूतखडे होत असतील, किरकोळ धक्क्याने हाड मोडत असेल, हाडे दुखून सतत तहान लागत असेल, तर त्याला एवढेच सुचवा, की डॉक्टरांना रक्तातले कॅल्शियम तपासायला सांग. बहुतेकांच्या बाबतीत काही निघणार नाही. पण ज्याच्या बाबतीत निघेल, तो मार्टेल यांच्यासारखा सातव्या शस्त्रक्रियेपर्यंत न थांबता पहिलीलाच योग्य हाती पोहोचेल.