पडद्याचा मालक आणि पैशाचा धनी

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण चाकरीच्या संदर्भात वापरतो. ती दूरचित्रवाणीला लावून पाहिली तर या माध्यमाचा इतिहास बराचसा उलगडतो. पडद्यावर काय दिसते यावर आपण खूप बोलतो. मालिकांत आपली वस्ती नाही, आपली बोली नाही, आपली माणसे आलीच तर घरगडी म्हणून येतात, ही तक्रार रास्तच आहे. परंतु हा पडदा कोणाच्या मालकीचा आणि त्याचा खर्च कोण भागवतो, हे आपण क्वचितच विचारतो. कारण सोडून परिणामाशी भांडत बसणे आपल्याला परवडणारे नाही.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. छापखाना ज्याचा, शब्द त्याचा, हा धडा तेव्हाच मिळाला होता. दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र आपण तो विसरलो.

भारतात दूरचित्रवाणी आली ती सरकारची म्हणून. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मालक केंद्र सरकार, पैसा तिजोरीचा. भर म्हणून परवाना शुल्क असे; संच बाळगणाऱ्याला पोस्टात जाऊन ते भरावे लागे. या मालकीचा दोष उघड होता. आणीबाणीत आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी ही सत्ताधाऱ्यांची कर्णे झाली. म्हणूनच १९७७ साली वर्गीस समिती नेमण्यात आली, आणि तिने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाच्या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. ती जशीच्या तशी कोणत्याच सरकारला मानवली नाही. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अंमलात यायला १९९७ साल उजाडले.

परंतु सार्वजनिक पैशाने आणखीही काही करून दाखवले होते. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ हा उपग्रह प्रयोग चालला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवण्यात आले. त्याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, पीज येथील छोट्या प्रक्षेपकावरून, स्थानिक बोलीतले कार्यक्रम सुरू झाले. शेतमजुरी, शोषण, अस्पृश्यता हे त्यांचे विषय होते, आणि गावकरी स्वतः त्यांत सहभागी होत. १९८४ साली या कामाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. पुढे हा प्रक्षेपक बंद करण्यात आला. जो कार्यक्रम साबण विकत नाही आणि मंत्र्याचे भाषणही दाखवत नाही, त्याला वाली कोण?

सामुदायिक संचाचे मोल मला अनुभवाने कळते. १९९० च्या दशकात आमच्या वस्तीत एकही टीव्ही नव्हता. ‘शक्तिमान’ पाहायला आम्ही पोरे गावातल्या एका घरी जात असू. त्या घरची मुले आत सतरंजीवर बसत आणि आम्ही ओसरीखाली उभे राहून दारातून जेवढे दिसेल तेवढे पाहत असू. कार्यक्रम सरकारी होता, संच मात्र त्यांचा होता. मालकीचा पहिला धडा मी असा उभ्यानेच घेतला.

दूरदर्शनवर जाहिराती १९७६ साली आल्या. १९८४ च्या ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले आणि पुढे परवाना शुल्कही गेले. मालक तोच राहिला. पोळी मात्र आता जाहिरातदाराच्या घरून येऊ लागली. १९९१ साली हाँगकाँगहून ‘स्टार’ आले, २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुभाष चंद्रांचे ‘झी’ आले, आणि १९९३ साली रूपर्ट मर्डोक यांनी ‘स्टार’मधील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. आता मालकही खाजगी झाला. खाजगी वाहिनीला उत्पन्नाच्या वाटा दोन : जाहिरात आणि केबलची वर्गणी.

आणि येथेच आपला प्रश्न उभा राहतो. जाहिरातदार कार्यक्रम विकत घेत नाही. तो प्रेक्षक विकत घेतो. मग प्रेक्षकाचा भाव ठरतो कसा? २०१५ पर्यंत ज्या मोजणीवर जाहिरातींचे दर ठरत, ती प्रामुख्याने शहरांची होती. खेड्यातला माणूस टीव्ही पाहत होता, पण हिशेबात नव्हता. २०१५ साली ‘बार्क’ ही संस्था आली आणि ग्रामीण घरे मोजली जाऊ लागली. ती संस्थाही वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात कंपन्या यांच्याच मालकीची आहे. कुटुंबाची प्रतवारी दोन गोष्टींवरून होते : मुख्य कमावत्याचे शिक्षण, आणि ठरवून दिलेल्या ११ वस्तूंपैकी घरात असलेल्या वस्तू. या ११ मध्ये पंखा, फ्रीज, मोटारगाडी यांच्याबरोबर शेतजमिनीची मालकीही आहे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या समाजाला शतकानुशतके जमीन आणि अक्षर दोन्ही नाकारले गेले, त्याच्या डोळ्यांचा भाव जमीन आणि अक्षर यांवरूनच ठरतो! माझे वडील शाळेत गेले नाहीत आणि आम्हाला जमीन नव्हती. म्हणजे त्यांनी तासन्‌तास टीव्ही पाहिला तरी या तराजूत ते तळाच्याच पारड्यात बसणार. हे कोणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यामुळे होत नाही. ते हिशेबाच्या पद्धतीतच आहे. जातीचे नाव न घेता जातीचे परिणाम मोजणारी ही वही आहे.

याला अपवाद नाहीत असे नाही. २०१९ साली ‘स्टार प्रवाह’ने बाबासाहेबांच्या जीवनावर मालिका दाखवली आणि घराघरांत ती पाहिली गेली. संख्या दिसली की बाजारही दार उघडतो. परंतु बाजाराने उघडलेले दार बाजारच बंद करू शकतो. त्यावर आपला हक्क सांगता येत नाही.

तिसरा टप्पा स्ट्रीमिंगचा. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ॲमेझॉनचे प्राइम व्हिडिओ. नेटफ्लिक्स येथे मुख्यतः वर्गणीवर चालते. प्राइम व्हिडिओ ही एका अवाढव्य दुकानाच्या सभासदत्वाबरोबर मिळणारी वस्तू आहे. तिसरा प्रकार सर्वांत लक्षणीय आहे. ‘स्टार’ मर्डोक यांच्याकडून २०१९ साली डिस्नेकडे गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा भारतातील हा व्यवसाय आणि रिलायन्सची वायाकॉम१८ यांचे विलीनीकरण झाले. नव्या कंपनीचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरण्यात आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘जिओहॉटस्टार’ सुरू झाले. मराठीपुरते बोलायचे तर एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या ‘स्टार प्रवाह’ आणि ‘कलर्स मराठी’ या दोन वाहिन्या आज एकाच छत्राखाली आहेत. मोबाइलचे जाळेही त्याच उद्योगसमूहाकडे आहे. रस्ता, गाडी आणि गाडीतला माल, तिन्ही एकाच घरचे.

माझे विद्यार्थी म्हणतात, “सर, आता कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, टीव्ही खिशात आहे.” त्यांचे म्हणणे खरे आहे आणि त्याचे मोल मी जाणतो. ओसरीखालचे ते उभे राहणे खरोखरच संपले. परंतु वर्गणी वेगळी आणि डेटाचे रिचार्ज वेगळे, असा दुहेरी भरणा ते करतात. शिवाय कोणी काय पाहिले, कुठे थांबवले, हा हिशेब कंपनीच्या पोटात राहतो. ती स्वतःहून जाहीर करील तेवढाच आपल्याला कळतो. यूट्यूबवर आपल्या तरुणांनी वाहिन्या उभ्या केल्या आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तेथेही जागा आणि जाहिरातीचा वाटा ठरवणारा मालक दुसराच आहे.

मग सरकारी मालकी बरी होती काय? तसे मी म्हणत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचा आशय दुहेरी होता : या लहरींवर सरकारची मक्तेदारी नको, आणि मूठभर धनिकांचीही नको. निकालाचा पहिला अर्धा भाग आपण पाळला. दुसरा सोयीस्करपणे विसरलो. आज मोबाइलवर चित्र येते तेही लिलावात दिलेल्या सार्वजनिक लहरींवरूनच.

तिन्ही व्यवस्थांत माझ्या मते फरक हा आहे. जाहिरातीच्या पडद्यापुढे मी माल असतो. वर्गणीच्या पडद्यापुढे मी ग्राहक असतो, तोही पैसे असतील तोवर. सार्वजनिक पडद्यापुढे मात्र, तो कितीही नादुरुस्त असला तरी, मी नागरिक असतो. त्याच्याविषयी संसदेत प्रश्न विचारता येतो, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. डीडी फ्री डिश आजही मासिक शुल्काशिवाय दिसते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे स्वतःचे स्ट्रीमिंगही सुरू केले. म्हणजे पाया अजून शाबूत आहे. पण प्रसार भारतीच्या पगाराचा मोठा भार अजून केंद्र सरकारच उचलते, आणि पोळीबरोबर टाळीही आलीच.

म्हणून आपली मागणी पडद्यावर एखादे पात्र मिळावे एवढ्यावर थांबू नये. सार्वजनिक प्रसारणाला सत्ताधाऱ्यांच्या मर्जीबाहेरचा, कायद्याने बांधलेला निधी हवा. प्रेक्षकांची मोजणी लोकांसमोर यायला हवी. एका उद्योगसमूहाने किती वाहिन्या बाळगाव्यात यालाही मर्यादा हवी. ‘मूकनायक’ला छापखान्याचा प्रश्न सुटल्याशिवाय बोलता आले नसते. आपला छापखाना आज पडदा आहे, आणि त्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे हे आपण पाहिलेच पाहिजे.