सोनें आणि कांच

इतिहास कशाच्या आधारें टिकतो, असा प्रश्न कोणीं केल्यास आम्ही त्यास ऑस्ट्रेलियांतील हिल एंड या लहानशा गांवाची हकीकत सांगूं. न्यू साउथ वेल्समध्यें, बॅथर्स्टच्या उत्तरेस, डोंगराळ मुलखांत हें गांव आहे. 1851 सालीं या टापूंत सोनें सांपडलें. प्रथम तें ओढ्यांच्या रेतींत मिळे. पुढें हॉकिन्स हिलवरील गारगोटीच्या शिरा फोडून तें काढूं लागले. 1872 च्या सुमारास येथील वस्ती सुमारें आठ हजारांवर गेली होती.

त्याच वर्षीं, 19 ऑक्टोबर रोजीं, स्टार ऑफ होप या खाणींतून सोनें व गारगोटी यांचा एक अखंड शिलाखंड निघाला. त्याचें वजन 286 किलो असून त्यांत अंदाजें 93 किलो सोनें होतें. खाणीचा एक भागीदार हॉल्टरमन हा 1858 सालीं हॅम्बुर्गहून आलेला जर्मन. शिला जशीच्या तशी राखावी म्हणून अंदाजी किंमतीहून हजार पौंड अधिक देण्याची त्यानें तयारी दाखविली. पण ती मानली गेली नाहीं. शिलेचा चुरा करून सोनें काढून घेण्यांत आलें.

शिलेशेजारीं उभ्या असलेल्या हॉल्टरमनचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. परंतु तें निरनिराळीं चित्रें जुळवून केलेलें आहे! डोळ्यांना दिसणारा पुरावाही पारखून घ्यावा लागतो, हा धडा त्यांतून मिळतो.

तथापि त्याच हॉल्टरमनच्या द्रव्यसाहाय्यानें मोठें काम झालें. मर्लिन आणि बेलिस या छायाचित्रकारांनीं गांवांतील घरें, दुकानें व दारांत उभीं असलेलीं साधीं माणसें कांचेवर उतरवून ठेविलीं. 1873 सालीं मर्लिन वारला. बेलिसनें काम पुढें चालविलें. थोड्याच वर्षांत सोनें सरलें आणि माणसें पांगलीं. 1951 सालीं सिडनीच्या चॅट्सवुड उपनगरांतील बागेच्या एका खोपटींत सुमारें साडेतीन हजार कांचा सांपडल्या. आज त्या तेथील सरकारी ग्रंथालयांत जतन केलेल्या आहेत.

ज्यासाठीं हजारों लोक धांवले, तें सोनें कोणाच्या हातीं गेलें याचा माग आज लागावयाचा नाहीं; ठिसूळ कांच मात्र उरली. पण तिच्यावरही सर्वस्वी विसंबूं नये. ही भूमि त्यापूर्वीं सहस्रावधि वर्षें विराडजुरी लोकांची होती. त्यांचा इतिहास केवळ या कांचांवरून लिहितां येणार नाहीं. जें उरलें तेवढेंच घडलें, असें मानणें ही इतिहासकाराची सर्वांत मोठी चूक होय, असें आम्हांस वाटतें.