जंगलात, काजूच्या बागेत जाताय? गोचिडीपासून कसं वाचायचं आणि चावलीच तर काय करायचं?

डिसेंबर उजाडला की सह्याद्रीत ट्रेकर्सची गर्दी वाढते. त्यानंतर सिंधुदुर्ग आणि गोव्यात काजूचा हंगाम सुरू होतो आणि भाजावळीसाठी पातेरा गोळा करायला लोक रानात जाऊ लागतात. नेमक्या याच काळात जंगलातल्या गोचिडीही सर्वाधिक सक्रिय असतात.

बहुतेक वेळा गोचीड चावल्यावर थोडी खाज आणि लालसरपणा याशिवाय फारसं काही होत नाही. पण काही भागांत हीच गोचीड माकडतापाचा विषाणू घेऊन फिरते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

गोचीड अंगावर येते कशी?

गोचीड हा कीटक नाही, ती कोळी आणि विंचवाच्या कुळातली आहे. तिला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. ती गवताच्या टोकावर किंवा झुडपाच्या पानावर पुढचे पाय पसरून बसते. प्राण्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब तिला जाणवते. गाय, माकड किंवा माणूस घासून गेला की ती त्याला चिकटते आणि नंतर मऊ जागा शोधत वर चढत जाते.

चावताना तिच्या लाळेमुळे ती जागा बधिर होते, त्यामुळे वेदना जाणवतच नाही. शिवाय तिची पिल्लं तिळाएवढी किंवा त्याहूनही लहान असतात. अनेकांना आपल्याला गोचीड चावली होती, हे कधी कळतच नाही.

माकडताप म्हणजे काय?

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या (एनआयव्ही) शास्त्रज्ञांनी यामागचा विषाणू शोधला. त्याला त्या जंगलाचंच नाव मिळालं : क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच केएफडी.

अनेक दशकं हा आजार कर्नाटकापुरता मानला जात होता. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला. पुढे सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरातही रुग्ण सापडले.

नाव माकडताप असलं तरी तो माणसाला होतो तो प्रामुख्याने गोचिडीमुळे. माकडं स्वतःच या आजाराची बळी असतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तो परिसर धोकादायक बनतो. माणसाकडून माणसाला हा आजार पसरत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचं काहीच कारण नाही.

लक्षणं कोणती?

गोचीड चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोकं आणि अंग प्रचंड दुखतं, उलट्या-जुलाब होतात, कमालीचा थकवा येतो. काही रुग्णांना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा उलटतो. तेव्हा तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, भ्रम होणं अशी लक्षणं दिसू शकतात. दर १०० रुग्णांपैकी साधारण ३ ते ५ जणांचा मृत्यू होतो.

या आजारावर खास औषध नाही. शरीरातलं पाणी टिकवणं, रक्तस्रावावर लक्ष ठेवणं, असे उपचार रुग्णालयात केले जातात आणि ते वेळेत मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

जाण्याआधी काय काळजी घ्याल?

- पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घाला. त्यावर चालणारी गोचीड पटकन दिसते.
- पँट मोज्यांत खोचा. चप्पल नको, बूट घाला.
- उघड्या त्वचेवर डीट असलेलं किंवा आरोग्य विभागाने दिलेलं गोचीड-प्रतिबंधक तेल लावा. घामाने ते निघून जातं, म्हणून सूचनेप्रमाणे पुन्हा लावा.
- पाचोळ्यावर थेट बसू किंवा झोपू नका. पायवाटेच्या मधून चाला.
- मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठीही नाही. वन विभागाला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

परत आल्यावर?

कपडे पलंगावर किंवा दोरीवर टाकू नका. ते कडक गरम पाण्यात भिजवून धुवा. साबण लावून अंघोळ करा आणि अंग तपासा : काखा, जांघा, गुडघ्यामागे, बेंबी, कंबर, कानामागे आणि केसांत. मुलांचं अंग मोठ्यांनी तपासावं. सोबत कुत्रा असेल तर त्याचे कान आणि पायांच्या बोटांमधली जागाही बघा.

गोचीड चिकटलेली दिसली तर?

१. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी जवळ, तोंडापाशी पकडा.
२. पिळ न देता, झटका न देता, सरळ वर हळूहळू ओढा.
३. चिमटा नसेल तर बोटांवर कापड किंवा कागद धरा. उघड्या हाताने तिला चिरडू नका.
४. जागा आणि हात साबणाने धुवा.
५. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरू नका. त्वचा तो हळूहळू बाहेर टाकते.
६. मोबाइलमध्ये फोटो काढा, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा.

रॉकेल, पेट्रोल, तंबाखू, मीठ किंवा जळती काडी लावण्याचे उपाय टाळा. त्यात वेळ जातो, त्वचा भाजू शकते आणि डिवचलेली गोचीड जखमेत आणखी लाळ सोडू शकते.

डॉक्टरांना काय सांगाल?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सुरुवातीला माकडताप हा डेंग्यू किंवा साध्या तापासारखाच वाटतो. त्यामुळे गोचीड चावल्यावर किंवा अशा भागात जाऊन आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर "मी जंगलात गेलो होतो" किंवा "काजूच्या बागेत काम करते" हे आपणहून सांगा. पुण्या-मुंबईतल्या डॉक्टरांना ते सांगणं तर अधिकच गरजेचं, कारण तिथे हा आजार चटकन मनात येत नाही. रक्ताच्या तपासणीतून निदान होतं. रक्तस्रावाचा धोका असल्याने अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

परदेशात राहत असाल तर?

अमेरिका आणि युरोपात गोचिडीमुळे लाइम हा जिवाणूजन्य आजार होतो. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा, कधी कधी नेमबाजीच्या निशाणासारखा, दिसू शकतो. त्यावर अँटिबायोटिक्स चालतात, म्हणून चट्टा दिसताच डॉक्टरांकडे जा.

ट्रेकरला एखादी वाट टाळता येते. बागेत रोजंदारीवर जाणाऱ्याला ते शक्य नसतं. तुमच्याकडे असं कोणी कामाला येत असेल तर बूट, प्रतिबंधक तेल आणि संध्याकाळी अंघोळीला गरम पाणी यांची सोय करणं ही बागमालकाची जबाबदारी आहे.