आज रात्री 9.30 वाजता

हा घटनाक्रम एकाच माणसाचा नाही. 2022 मध्ये वीजबिलाच्या नावाने फसवे मेसेज महाराष्ट्रभर सुटले. तेव्हापासून अशा तक्रारींत जे पुन्हा पुन्हा दिसलं, ते इथे एका घरात, एका संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत बसवलं आहे. घर निवृत्त शिक्षकाचं. दोघंच राहतात, मुलगी पुण्याला असते.

संध्याकाळी 6.10
मेसेज येतो. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री 9.30 वाजता वीजपुरवठा खंडित होईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी बोला. खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

सरांनी बिल भरलेलं आहे. पण मेसेजची वेळ बघा. महावितरणचं ऑफिस बंद झालं, शेजारी अजून कामावरून आलेले नाहीत. हाच मेसेज सकाळी अकराला आला असता, तर सर पावती घेऊन ऑफिसात गेले असते आणि काउंटरवर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. खरी मेख त्या साडेनऊच्या मुदतीत आहे.

6.25
खणातून बिल निघतं. त्यावर 12 आकडी ग्राहक क्रमांक आहे. मेसेजमध्ये तो नाही, सरांचं नावही नाही. महावितरणचे खरे मेसेज कुणाच्या खासगी मोबाइलवरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीची अक्षरं असतात. आणि वीज कायदा 2003 चं कलम 56 असं आहे की थकबाकी असली तरी पुरवठा तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. थकबाकीसाठी तीन तासांत वीज तोडण्याचा अधिकार कुणालाच नाही. हे कलम प्रत्येक बिलावर ठळक अक्षरांत छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बिलावर महावितरणच्या ग्राहक सेवेचा 1912 हा नंबर आहे. सर मेसेजमधला नंबर लावतात.

6.40
पलीकडचा माणूस नम्र आहे. "सरजी, पेमेंट तो दिख रहा है, बस सिस्टम में अपडेट नहीं हुआ." पैसे मागत नाही, उलट तुमचं बरोबर आहे म्हणतो. सरांचा जीव भांड्यात पडतो. काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "काय हो, कोण आहे?" "वीज बोर्डाचा माणूस आहे, थांब जरा."

6.55
तो एक ॲप घ्यायला सांगतो. ॲप खरंच आहे, कंपन्यांचे इंजिनिअर लांबून कॉम्प्युटर दुरुस्त करायला वापरतात ते. स्क्रीनवर आकडे उमटतात. "जो नंबर आया है वो बताइए." सर चष्मा वर करून एकेक आकडा वाचून दाखवतात. मग फोन परवानगी मागतो, सर होय दाबतात. आता सरांच्या स्क्रीनवरचं सगळं तिकडे दिसतं. अलीकडे याच कामासाठी व्हॉट्सॲपवर बिलाच्या नावाची एपीके फाइल येते. ती उघडून परवानगी दिली की फोनवर येणारे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, परस्पर दुसरीकडे जातात.

7.10
"सिर्फ दस रुपये का पेमेंट कीजिए, बिल अपडेट हो जाएगा." दहा रुपयांना कोण नाही म्हणेल? पण त्या दहा रुपयांसाठी लिंकवरच्या पानात सर नेटबँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड टाकतात.

त्याला हवं होतं ते एवढंच.

7.20 ते 8.45
"फोन कट मत कीजिए, हाथ मत लगाइए, अपडेट चल रहा है." फोन टेबलावर पडून. मधे मुलीचा फोन येतो, सर घेत नाहीत. या वेळात चार लाखांची मुदत ठेव ऑनलाइन मोडली जाते, रक्कम बचत खात्यात येते आणि तुकड्या-तुकड्यांनी बाहेर जाते. ती जाते भाड्याने घेतलेल्या खात्यांत. थोड्या पैशांसाठी कुणीतरी आपलं पासबुक आणि कार्ड दुसऱ्याच्या हाती दिलेलं असतं. तिथून पुढच्या खात्यात, मग आणखी पुढे, शेवटी कुठल्या तरी एटीएममधून रोख.

9.30
दिवे चालू. सर काकूंना सांगतात, "झालं बघ काम."

10.15
झोपण्याआधी फोन हातात घेतल्यावर बँकेचे मेसेज दिसतात, एकाखाली एक.

या क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर लावला असता तर पोलिसांनी व्यवहारांची नोंद घेऊन बँकांना कळवलं असतं आणि पैसे ज्या खात्यापर्यंत पोचले तिथेच ते अडवता आले असते. ती व्यवस्था त्यासाठीच उभी आहे. पण सर दिवा मालवून पडून राहतात. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, आता बायकोला काय सांगायचं? मेसेजवर विश्वास ठेवण्यापेक्षा ही रात्र महाग पडते. अशा वेळी घरातल्यांनी "तुम्हाला कळत कसं नाही" म्हणू नये. त्या एका वाक्याच्या धास्तीने माणसं गप्प बसतात.

सकाळी 10.20
बँकेत शाखाधिकारी खातं गोठवतात, फोनमधलं ॲप काढायला लावतात आणि तिथूनच 1930 लावून देतात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतः पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, कळवल्यानंतरचं बँकेचं. सरांचं सगळं नुकसान कळवण्याआधीचं आहे.

दुपारी 12
सायबर पोलिस ठाण्यात जबाब. अधिकारी विचारतात, "रात्रीच फोन का नाही केलात?" सर म्हणतात, "एवढ्या रात्री कुणाला त्रास द्यायचा." साखळीतल्या शेवटच्या खात्यात 11 हजार रुपये उरलेले सापडतात. ते गोठवले आहेत. परत मिळवण्यासाठी अर्ज करायचा आहे, आणि त्या अर्जाचा मसुदा काकू शेजारच्या वकिलांकडून आजच लिहून घेणार आहेत.