थायरॉइडचं डीबगिंग

कोडमधला बग सापडेना, की आपण मध्येच एक प्रिंट टाकतो आणि डेटा कुठे जातो ते बघतो. १९३७ मध्ये बॉस्टनच्या सॉल हर्ट्झनी सशांना किरणोत्सारी आयोडीन देऊन हेच केलं. थायरॉइडला साधं आणि किरणोत्सारी यातला फरक कळतच नाही. काउंटर लावला की माग लागतो. पण ते आयोडीन २५ मिनिटांत निम्मं व्हायचं! १९३८ मध्ये सापडलेल्या आयोडीन-१३१ ला मात्र ८ दिवस लागतात, म्हणून ते अणुभट्टीतून दवाखान्यापर्यंत पोचतं. आपल्याकडे १९५६ मध्ये ट्रॉम्बेत 'अप्सरा' आली, १९६३ मध्ये परळला थायरॉइडच्या कामासाठी नावाजलेलं रेडिएशन मेडिसिन सेंटर.

थायरॉइडचा हाच भोळेपणा १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या मुलांना भोवला. दुधातून गेलेल्या याच आयोडीनने पुढे हजारोंना कॅन्सर झाला. शेवटी सगळं मात्रेवर!