शिंपल्यातलं विष आणि उजनीचं हिरवं पाणी

इंदापूर तालुक्यापासून समुद्र दूर आहे, तरी तिथे होड्या आहेत, जाळी आहेत आणि मासळीचा लिलावही आहे. या धंद्याला आजचं रूप आलं ते १९८० नंतर. त्या साली भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. त्याच्या ११७ टीएमसीच्या यशवंतसागर जलाशयाने जुनं पळसदेव, जुनं भिगवण, कुंभारगाव यांसारखी नदीकाठची गावं पोटात घेतली. काळ्या कसदार जमिनी बुडाल्या, माणसं वरच्या माळावर जाऊन राहिली. पिढ्यान्‌पिढ्या नदीत मासे धरणारे भोई मोठ्या जलाशयात जाळी टाकू लागले. कटला, रोहू, वाम आणि पुढे चिलापीने बाजार भरला. भिगवणची मासळी महामार्गावरच्या खानावळींत आणि बारामतीच्या घराघरांत शिजू लागली.

पण वाहती नदी अडवली की तिचं पाणीही बदलतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत उतरतं आणि उजनीत येऊन थांबतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद हे सूक्ष्म शैवालांचं खाद्य. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जातं, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरतं, पळसनाथाच्या जुन्या मंदिराचं शिखर उघडं पडतं, आणि उथळ, तापलेल्या पाण्यावर हिरवा तवंग धरतो. या तवंगात मायक्रोसिस्टिससारखे नीलहरित जीवाणू असू शकतात आणि त्यांच्या काही जाती विष तयार करतात.

अशा सूक्ष्म जीवांचं विष माणसाच्या ताटात कसं येतं, हे किनाऱ्यावरचे लोक जीव गमावून शिकले. १९८१ मध्ये तमिळनाडूत कल्पाक्कमजवळच्या वायलूर इथे शिंपले खाल्ल्याने ३ जण दगावले आणि ८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. एप्रिल १९८३ मध्ये मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळे इथे एका मुलाचा मृत्यू झाला. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळच्या विझिंजममध्ये ७ जण गेले आणि सुमारे ५०० जण रुग्णालयात दाखल झाले.

तिन्ही ठिकाणी लोकांनी रोजचंच अन्न खाल्लं होतं. कोकणात तिसऱ्या, कालवं, खुबे जितक्या विश्वासाने खातात, तितक्याच विश्वासाने.

शिंपला स्वतः विष बनवत नाही. तो पाणी आत ओढतो, गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शैवाल खातो. शैवाल विषारी असेल तर विष त्याच्या मांसात साठतं, शिंपला मात्र धडधाकट राहतो. त्याला वास येत नाही, चव बदलत नाही. सॅक्सिटॉक्सिन नावाचं हे विष शिजवूनही जात नाही. आधी ओठ आणि जीभ झिणझिणतात, मग हातपाय बधिर होतात आणि विषाची मात्रा मोठी असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. यावर उतारा नाही. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला, तर माणूस वाचतो.

जगाला हे कळायला फार काळ लागला. १७९३ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतला जॉन कार्टर हा खलाशी न्याहारीला शिंपले खाऊन काही तासांत मरण पावला. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १०२ जण आजारी पडले, ६ मेले. त्यानंतर हर्मन सोमर आणि कार्ल मेयर या शास्त्रज्ञांनी दहा वर्षं खपून १९३७ मध्ये विषाचा उगम समुद्रातल्या सूक्ष्म शैवालात असल्याचं दाखवलं. पुढे कॅलिफोर्नियात उन्हाळ्याच्या महिन्यांत शिंपले गोळा करण्यावर बंदी घालण्याची पद्धत रुजली.

इंदापूरकरांनी हा इतिहास खाऱ्या पाण्याचा म्हणून बाजूला ठेवू नये. १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं हिरवं पाणी पिऊन गुरं-मेंढरं मेल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्याच देशात १९९१ मध्ये डार्लिंग नदी सुमारे १,००० किलोमीटर हिरवी झाली. त्या नीलहरित जीवाणूंमध्ये सापडलं तेच सॅक्सिटॉक्सिन, आणि ते गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत साठतं हेही पुढे प्रयोगांतून सिद्ध झालं. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे यकृत निकामी करणारं विष आलं आणि ५० हून अधिक रुग्णांचा जीव गेला. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात या विषाच्या मुख्य प्रकाराची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठरवली.

उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं, तिच्या काठची जनावरं पितात आणि तिच्या मासळीवर हजारो घरं चालतात. म्हणूनच काळजी आधी घ्यायला हवी. तवंग आलेल्या पाण्यातले शिंपले खाऊ नयेत. विषाचा साठा माशाच्या यकृतात आणि आतड्यांत जास्त असतो, म्हणून मासा साफ करताना ते पूर्ण काढून टाकावं. असं पाणी उकळून प्यायल्याने धोका टळत नाही. जनावरांनाही त्या काठावर नेऊ नये.

मात्र सगळा भार मच्छीमार आणि गृहिणींवर टाकणं अन्यायाचं आहे. तवंग त्यांनी आणलेला नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडने नदीत सोडण्याआधी सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया करावी. फेब्रुवारी ते जून उजनीच्या पाण्याची आणि मासळीची या विषांसाठी नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निकाल भिगवण, इंदापूरच्या मासळी बाजारात मराठीत लावावेत. वायलूर आणि विझिंजमला आधी इशारा देणारं कुणी नव्हतं. इंदापूरला तो वेळेत मिळालाच पाहिजे.